दुसरी घागर

वच्छलाचं पत्र फाल्गुनात आलं होतं, आणि मी त्याला उत्तर पाठवलं नव्हतं.

पत्र लहानसंच होतं. ती धुळ्याच्या दवाखान्यात नर्सचं काम शिकत होती. तिथल्या मेट्रनबाईंनी तिच्या कागदावर, वर्तनाच्या रकान्यात, एक इंग्रजी शब्द लिहिला होता. तो तिने चित्र काढावं तसा अक्षर-अक्षर उतरवून पाठवला होता. खाली लिहिलं होतं, "नाना, याला इथे इम्मॉडेस्ट म्हणतात. अर्थ मला दोघींनी सांगितला. पण सांगताना त्या एकमेकींकडे बघत होत्या, म्हणून पुरा सांगितला असं वाटत नाही. तुमच्या कोशात बघा. नुसता अर्थ नको, शब्द आला कुठून तेही कळवा. माणसाचं गाव कळलं की माणूस निम्मा कळतो, असं तुम्हीच म्हणता."

असं मी म्हणत असे खरा. जळगावच्या शाळेत पोरांना इंग्रजी शिकवताना हे वाक्य सुचलं होतं, आणि फार थोडी वाक्यं सुचणाऱ्या माणसासारखं मी ते सगळीकडे वापरलं.

माझा कोश जुन्या बाजारातला, पुठ्ठे गेलेला. शब्द सापडला. मर्यादा नसलेला, लाज नसलेला. बहुधा बाईविषयी वापरतात. आणि शेवटी, चष्मा कपाळावर चढवून वाचावं लागेल इतक्या बारीक टाइपात, त्याचं मूळ. लॅटिन भाषेत माप या अर्थाचा एक शब्द आहे, त्यावरून तो आला. मापात राहतो तो मॉडेस्ट. मापाबाहेर जातो तो इम्मॉडेस्ट. लाज त्यात पहिल्यापासून नव्हती. ती मागाहून येऊन बसली.

हे तिला लिहावं म्हणून बसलो. पण लॅटिनचं मला एक अक्षर येत नाही. कोशातल्या दोन ओळी वाचून पोरीला धीर द्यायचा, आणि उद्या कोणी खरा जाणकार म्हणाला की असं काही नाही, तर? शिवाय आधी तो पहिला अर्थ लिहावा लागणार होता, आणि तो तिच्या नावापुढे लिहायला माझा हात वळेना. मायन्यापुढे पत्र गेलं नाही. असं करता करता चैत्र संपत आला, आणि शब्द माझ्या आधी असोद्याला, आमच्या गावच्या घरी, पोचला.

*

अभिमन मला घ्यायला जळगावला स्वतः आला. पुतण्या माझा, वच्छलाचा धाकटा भाऊ. बैलगाडीत तो सबंध वाटेत एवढंच बोलला, "दवाखान्यातून कागद आला हाये, नाना. इंग्रजीत. तुमी वाचा."

घरी ओसरीवर रुपचंद आधीच येऊन बसलेले. हे आमचे थोरले जावई, वच्छलाच्या थोरल्या बहिणीचे यजमान, जळगावात वकिलाकडे कारकून. कोर्टातलं इंग्रजी त्यांच्या नजरेखालून रोज जाई, त्यामुळे कागद त्यांनी वाचला होता. पण घरातल्या वडीलधाऱ्याने तो वाचावा म्हणून सगळे थांबले होते. ताईबाई, माझी वहिनी, अभिमन आणि वच्छला यांची आई, खांबाला टेकून शेवया उन्हातून काढत होती. आखाजी चार दिवसांवर आली होती.

आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. कडुनिंबाला झोके बांधतात, आणि सासरच्या पोरीला आणायला माहेरचा एक पुरुष जातो. त्याला मुऱ्हाळी म्हणायचं. मुऱ्हाळी आला नाही तर त्या पोरीने काय समजायचं ते समजावं. वच्छलाला सासर उरलं नव्हतं. नवरा गेल्यावर दीर-जावांनी सहा महिने ठेवली, मग पाट लावून दुसरं घर करून देतो म्हणाले. ती नको म्हणाली, आणि मी तिचा अर्ज भरून तिला धुळ्याला पाठवली. तेव्हापासून अभिमन दर आखाजीला चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याला जाई आणि बहिणीला घेऊन येई.

मी कागद वाचला. पालकास कळविण्यात येते की, असं सुरू होऊन पुढे तो शब्द होता.

"म्हंजे काय?" ताईबाईने विचारलं.

"त्याचं मूळ असं आहे वहिनी, की माप..."

"मूळ राहू द्या, नाना," रुपचंद म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीच मऊ असे. "मूळ विद्वानांचं. आज, आत्ता, एक इंग्रज बाई एका पोरीबद्दल हे लिहिते, तेव्हा तिला काय म्हणायचं असतं? तेवढं सांगा."

खोटं सांगता आलं असतं. "लाज नसलेली," मी म्हणालो.

"ऐकलं?" रुपचंद अभिमनला म्हणाले. "मी सांगितलं तर म्हणालास, दाजी वाढवून सांगतात."

ताईबाईने शेवयांचं सूप खाली ठेवलं. "पन केलं काय तिनं?"

कोणीच तिला ते सांगितलं नव्हतं. कागदात आठ-दहा ओळी होत्या, त्या मी मराठीत केल्या. दवाखान्यात पटकीचे रोगी आले होते. वॉर्डातले गडी पळून गेले. वच्छला दंडापर्यंत उघड्या हातांनी, कासोटा वर खोचून, एका पुरुषाला धूत होती. त्याच्या अंगावर वस्त्र नव्हतं. तेवढ्यात दवाखान्याचे विश्वस्त साहेबासह पाहणीला आले. ती उठली नाही, पदर घेतला नाही. साहेबाला म्हणाली, थोडं थांबा, हा हातातून घसरतो आहे, मग नमस्कार करते.

स्वयंपाकघराच्या दारातून खुदकन आवाज आला. अभिमनची बायको प्रमिला होती. तिने लगेच तोंडावर पदर धरला.

"हस, हस," रुपचंद म्हणाले. "जामनेरवाले हसतात का बघू."

प्रमिलाचं हसू तिथल्या तिथे विरलं.

"कोन व्हता तो मानूस?" ताईबाईने विचारलं.

"तसं लिहिलं नाही. कापसाच्या जिनात कामाला होता एवढंच आहे."

"जगला का?"

"नाही."

ताईबाईने सूप परत मांडीवर घेतलं आणि शेवया मोडू लागली.

*

जामनेरचं असं होतं. प्रमिलाची थोरली पोर पुष्पा पंधरा वर्षांची झाली होती, आणि जामनेरच्या एका चांगल्या घरातून तिला मागणी आली होती. सोयरीक रुपचंदांनी जुळवली होती. आखाजीच्या दुपारी ते लोक पोर बघून सुपारी फोडायला येणार होते. पण त्यांचा एक भाचा धुळ्याला असे. दवाखान्यातली गोष्ट त्याने जामनेरला नेली होती, आणि तिथून निरोप आला होता की तुमच्या घरात ती बाई येते-जाते का, ते आधी कळवा.

"येते-जाते म्हणजे काय?" मी विचारलं. "ती या घरची आहे."

"तेच त्यांना नको आहे, नाना," रुपचंद म्हणाले. "मी वाईट माणूस नाही. मला माझ्या मेहुणीबद्दल काही म्हणायचं नाही. पण मी शब्द टाकला आहे. मुऱ्हाळी या वर्षी जायला नको, एवढंच माझं म्हणणं."

"यंदाच्या वर्षी नको, का कधीच नको?" ताईबाई म्हणाली.

त्यावर बोलला तो अभिमन.

"घागर भरू तिच्या नावानं."

आखाजीला आम्ही मेलेल्यांच्या नावाने घागर भरतो. मातीची नवी घागर, गार पाणी, वर डांगराचं, म्हणजे खरबुजाचं, फळ, सांजोऱ्या आणि आंबा. घरातल्या माणसाची घागर भरली की तो पितरांत गेला, असं सगळा गाव धरतो. जिवंत माणसाची कोणी भरत नाही. असोद्यात ते एकदाच झालं होतं, माझ्या लहानपणी, एका पळून गेलेल्या पोरीचं. तिचं नाव पुढे कोणी घेतलं नाही, म्हणून मलाही ते आठवत नाही.

रुपचंदसुद्धा चपापले. "एवढं काही मी म्हटलं नव्हतं."

"तुमी नका म्हनू. मी म्हनतो." अभिमन उठला. "तिनं मले सांगितलं नही. दोन महिने झाले. नानाले पत्र धाडलं, मले नही. मले जामनेरच्या मानसानं बाजारात सांगितलं, चार लोकांत. कोन मी तिचा?"

मला पत्र आलं होतं हे त्याला कसं कळलं, हे मी विचारलं नाही. पोस्टमन आमच्या गावचाच. मी एवढंच म्हणायला हवं होतं की तिने मला अर्थ विचारला, दुसरं काही नाही. आणि तोही मी अजून कळवलेला नाही. ते माझ्याने बोलवलं नाही.

*

पुढचं थोडं मी पाहिलेलं आहे, थोडं प्रमिलाने मला पुढे पुष्कळ वर्षांनी सांगितलं. जुळवताना माझं काही चुकत असेल.

प्रमिला त्या दिवशी पुरणाची डाळ निवडता निवडता रडली, पण वच्छलासाठी नाही. तिला पुष्पाचं लग्न हवं होतं. जामनेरच्या घरी विहिरीला बारमाही पाणी होतं, सासू नव्हती, पोरगा दारू पीत नव्हता. अशी घरं झाडाला लागत नाहीत. नणंद काय, वर्षातून आठ दिवस येते. असा हिशेब तिने मनाशी केला, आणि हिशेब बरोबर होता.

पण तिला नको ते आठवत राहिलं. आखाजीच्या तिसऱ्या प्रहरी नाल्याच्या दोन काठांवर दोन आळ्यांच्या बायका उभ्या राहतात आणि गाण्यातून एकमेकींना शिव्या घालतात. नवऱ्याचा, सासऱ्याचा, दिराचा, कोणाचा म्हणून मुलाहिजा नाही. त्या दिवशी त्याला कोणी निर्लज्ज म्हणत नाही. पुरुष लांब पारावर बसून ऐकतात आणि ऐकलं नाहीसं दाखवतात. प्रमिला नवी नवरी होऊन आली तेव्हा पलीकडच्यांनी तिच्या काळ्या रंगावरून गाणं रचलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा वच्छला, तीही माहेरपणाला आलेली, पुढे सरली आणि पलीकडच्या म्होरकीच्या नवऱ्यावर तिने असं काही गायलं की त्या काठाच्या बायकासुद्धा हसून खाली बसल्या. मग तिने भावजयीचं नाक आपल्या पदराने पुसलं आणि म्हणाली, "काळी माती असली म्हनूनच कापूस येतो, माय. रडू नको."

"तुले सांगते प्रमिला," ताईबाई तिला चुलीपाशी म्हणाली, "तू काय म्हनशीन ते मी करीन. पोर तुही हाये. तू म्हन, सासूबाई, घागर भरा. मी भरते."

"मी कशी म्हनू?"

"मंग कोनी म्हनावं? पुरुषांनी म्हनलं, ते झालं. भरनारी तर बाईच ना."

प्रमिला म्हणाली नाही. नकोही म्हणाली नाही.

*

अभिमन कुंभारवाड्यात गेला तो आखाजीच्या आदल्या सकाळी. त्याच्या मनात काय होतं ते मला कसं कळणार? मला एवढं ठाऊक आहे की आठ वर्षांचा असताना तो पहिल्यांदा मुऱ्हाळी झाला. माझा भाऊ, म्हणजे त्याचा आबा, आजारी होता, दुसरा पुरुष नव्हता, म्हणून गाडीवानाबरोबर पोराला पाठवलं. वच्छलाच्या सासूने पोरगा बघून मस्करी केली, "हा मुऱ्हाळी का मुऱ्हाळ्याचं पिल्लू?" वच्छलाने त्याला पाटावर बसवलं, थोरल्या माणसासारखे पाय धुतले आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "हा माझ्या घरचा मालक आला हाये." तो मालक हा शब्द त्याने गावात महिनाभर सांगितला.

कुंभार त्याला म्हणाला, "एकच ना, पाटील? तुमच्या आबांची?"

"दोन दे."

"दुसरी कोनाची?"

अभिमनने पैसे दिले आणि दोन्ही घागरी दोन काखांत धरून भर बाजारातून आला. कोणी काही विचारलं नाही. गाव विचारत नाही तेव्हा त्याला सगळं कळलेलं असतं.

घागरी त्याने देवळीखाली ठेवल्या आणि मला म्हणाला, "नाना, तुमी म्हना ना काही."

मी वर पाहिलं. तो खरंच वाट बघत होता. आता वाटतं, त्या वेळी मी नको म्हटलं असतं, नुसतं एवढंच, तर त्याने ती घागर तिथेच फोडली असती. पण मी शब्द जुळवत बसलो. माझे शब्द जुळेपर्यंत तो गोठ्यात निघून गेला होता.

*

आखाजीच्या सकाळी ताईबाईने अंगण सारवलं, पाट मांडले. पहिली घागर माझ्या भावाची. तिने पाणी ओतलं, डांगर ठेवलं, कुंकवाची बोटं ओढली, नाव घेतलं. अभिमनने हात जोडले. रुपचंद खांबापाशी उभे होते. ते तसे भले गृहस्थ, त्यांनी मान खाली घातली होती. शेजारच्या दोघी-तिघी पंगतीच्या कामाला म्हणून आल्या होत्या आणि काम न करता उभ्या होत्या.

मग दुसरी घागर. ताईबाई कळशी घेऊन आडावर गेली. पहिल्या घागरीसाठी भरलेलं पाणी उरलेलं होतं, पण ते तिने घेतलं नाही. ताजं शेंदून आणलं. घागर काठोकाठ भरली, पाणी मातीवर सांडलं, तरी ती ओतत राहिली.

"पुरे, माय," अभिमन म्हणाला.

वर ठेवायला फळ नव्हतं. डांगर एकच आणलेलं. कोणीतरी मुद्दामच एक आणलं होतं, की विसरलं होतं, कोण जाणे. ताईबाई दाराकडे बघत थांबली. तेव्हा प्रमिला घरातून आली. तिच्या हातात डांगर होतं, जामनेरच्या पाहुण्यांसाठी कापायला ठेवलेलं. ते तिने सासूच्या हातात दिलं आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

ताईबाईने फळ ठेवलं, बोटं ओढली.

"नाव घ्या, मामी," रुपचंद सासूला हलकेच म्हणाले.

"नाव मले ठाव नही," ताईबाई म्हणाली. "जिनातला व्हता. धुळ्याले मेला."

कोणाला काही कळलं नाही. तिने पदर डोक्यावर नीट घेतला.

"मेल्या मानसाले आंघोळ कोन घालतं? घरचं घालतं. त्याच्या घरचं कोनी नव्हतं. माह्या पोरीनं घातली, जिवंतपनी घातली. मंग तो या घरचा झाला. याची घागर आपल्यालेच भरा लागन." तिने वाकून हात टेकले. "बापा, तू कोनाचाबी अस, पानी पी."

शेजारणींपैकी एक म्हातारी पुढे झाली आणि तिनेही हात टेकले. दुसरी तोंड वळवून निघून गेली; दुपारपर्यंत जामनेर गाठता आलं असतं तर तिने हे स्वतः जाऊन सांगितलं असतं. रुपचंदांनी पागोटं उचललं. "मी वाटेत जामनेरवाल्यांना गाठतो, मामी. काय सांगू?"

"जे झालं ते सांगा. कमी-जास्त करू नका."

अभिमन मग जेवायला न थांबता शेतावर गेला.

जामनेरचे लोक आले नाहीत. पुष्पा नवं लुगडं नेसून संध्याकाळपर्यंत माजघरात बसली होती. तिला कोणी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. पुढे तिचं लग्न झालं ते यावलच्या एका बिजवराशी, त्या प्रकरणात मी इथे शिरत नाही. प्रमिला मात्र त्यावरून सासूला आयुष्यात एक शब्द बोलली नाही. नाल्यावरून बायकांची गाणी ऐकू येत होती. आमच्या काठाला त्या वर्षी कोणी म्होरकी नव्हती, आणि पलीकडचा काठ जिंकला.

दिवेलागणीला ताईबाई माझ्यापाशी येऊन बसली. "जीवरामभाऊ, मुऱ्हाळी तर गेला नही. ती वाट पाहून निजली असन आता."

"हो."

"तिले लिहा. तिचं पत्र आलं व्हतं म्हने."

"वहिनी, तिने मला शब्दाचा अर्थ विचारला होता."

"मंग सांगा ना. मास्तर कायले झाले तुमी?"

*

पत्र मी दुसऱ्या दिवशी, जळगावला परतायच्या आधी, ओसरीवरच लिहिलं. वच्छलाला दोन्ही अर्थ लिहिले. आजचा आधी लिहिला, कारण तो तिला कळायलाच हवा होता. मग मूळ लिहिलं: माप, आणि मापाबाहेर जाणं. "हे कोशावरून लिहितो, मला लॅटिन येत नाही, चूक असेल तर ती माझी," असंही लिहिलं. "कोणाच्या मापाबाहेर, ते कोशात दिलेलं नाही."

खाली आईचा निरोप लिहिला. "त्या माणसाचं नाव दवाखान्याच्या बुकात असेल तर कळव. या वर्षी घागर नावावाचून भरली. पुढच्या वर्षी नाव घेऊन भरायची, असं आई म्हणते."

गाडी जुंपताना अभिमनने विचारलं, "माहं काही लिहिलं?"

"नाही. काय लिहू?"

तो जू नीट करत राहिला. "पुढच्या आठवड्यात मले धुळ्याकडे बैल पाहाले जायचं हाये. तेवढं लिहा."

"मुऱ्हाळी म्हणून येतो असं लिहू?"

"आखाजी झाली, नाना. झाल्यावर कसा मुऱ्हाळी?" त्याने बैलाच्या पाठीवरची माशी हाकलली. "बैल पाहाले, असंच लिहा."

मी गाडीतच पाकीट उघडलं आणि समासात तेवढी ओळ घातली. गाडी हलत होती, अक्षर वाकडं आलं. जळगावला पोस्टाच्या पेटीपाशी अभिमनने गाडी थांबवली. सणाच्या सुटीचं टपाल तुंबलं होतं. पेटी तोंडापर्यंत भरली होती आणि पाकीट अर्धं बाहेर राहत होतं. मी ते काढून खिशात घालणार, तोच अभिमन खाली उतरला. त्याने माझ्या हातातून पाकीट घेतलं, मनगटापर्यंत हात पेटीत घातला आणि बाकीच्या पत्रांखाली ते नीट सारून दिलं.

हात बाहेर काढून त्याने तो धोतराला पुसला आणि बैल वळवले.